मिलिटरीचा लाइट आणि आपले डोळे

मागच्या उन्हाळ्यात वस्तीतल्या नेत्रतपासणी शिबिरात एक आई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. "सिस्टर, याला फळ्यावरचं दिसत नाही. नंबर लागला असेल, चष्मा काढून द्या," म्हणाली. आम्ही एक एक डोळा झाकून तक्ता वाचायला लावला. उजव्या डोळ्याने पोराने खालची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचली. डावा डोळा उघडा ठेवला तर वरच्या मोठ्या अक्षरापाशीच अडला. "मधेच डाग येतो," म्हणाला.

डॉक्टरांनी डोळ्यात औषध घालून पडदा तपासला. पडद्याच्या नेमक्या मधोमध भाजल्याची खूण होती. खोदून विचारल्यावर पोराने कबूल केले की जत्रेतून घेतलेल्या हिरव्या लेझर बॅटरीकडे कोण जास्त वेळ बघतो, अशी मित्रांत पैज लागली होती. विकणाऱ्याने सांगितले होते, "मिलिटरीवाली आहे, लांब लांब जाते." घरच्यांनाही त्याचे कौतुक वाटले होते.

त्या माउलीने आम्हाला एकच प्रश्न विचारला. "ताई, मिलिटरीवाले हाच लाइट वापरतात ना? मग त्यांचे डोळे जात नाहीत का?"

या प्रश्नाचे उत्तर या पानावर सविस्तर द्यायचे आम्ही तेव्हाच ठरवले. उत्तर असे आहे की त्यांचेही डोळे जातात. म्हणूनच या उजेडावर जगातल्या देशांना एक करार करावा लागला. आमच्या मते तो करारही अपुरा आहे, आणि आपल्या बाजारात तर तेवढाही धाक नाही.

आधी हा उजेड डोळ्यात काय करतो ते समजून घेऊ. साध्या बल्बचा उजेड चारी बाजूंना पसरतो. लेझरचा उजेड सुतासारखा सरळ जातो आणि लांबवर फारसा पसरत नाही. आपल्या डोळ्यातले भिंग तो उजेड गोळा करून पडद्यावर सुईच्या टोकाहून लहान ठिपक्यावर आणते. बुबुळावर पडलेला उजेड पडद्यावर पोहोचेपर्यंत सुमारे १ लाख पट तीव्र होऊ शकतो. लहानपणी भिंगाने ऊन गोळा करून कागद जाळायचा खेळ आपण खेळलो आहोत. इथे कागदाच्या जागी डोळ्याचा पडदा असतो.

या पडद्याचा मधला बारीकसा भाग फार मोलाचा आहे. त्याच्याच जोरावर आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, समोरच्याचा चेहरा ओळखतो. तो भाग जळाला तर बाजूचे दिसते आणि नेमके समोरचे दिसत नाही. पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजताना माणूस ओरडतही नाही. बाहेरून डोळा चांगला दिसतो. चष्म्याने हा दोष जात नाही. नुसती सूज असेल तर काही आठवड्यांत नजर थोडीफार परत येते, पण जळालेला भाग पुन्हा उगवत नाही.

लेझरची ताकद मिलिवॅटमध्ये मोजतात. १ मिलिवॅटपर्यंतच्या दिसणाऱ्या लेझरपासून आपली पापणी आपल्याला वाचवते, कारण झगमगले की पाव सेकंदात ती मिटते. ५ मिलिवॅटच्या पुढे पापणीवर भरवसा ठेवता येत नाही. ५ ते ५०० मिलिवॅटचा लेझर धोक्याच्या वर्गात येतो. ५०० च्या वर गेला तर कातडीही भाजते, आणि भिंतीवर पडलेला त्याचा ठिपका जवळून बघणेसुद्धा डोळ्याला घातक ठरते.

आता सैन्याकडे वळू. सैन्यात लेझर अनेक कामांना लागतो. अंतर मोजायला, निशाण दाखवायला, रात्री नेम धरायला तो वापरतात. आणखी एक काम आहे, समोरच्याचे डोळे दिपवणे. त्यासाठीच्या यंत्राला डॅझलर म्हणतात. रात्री समोरच्या ट्रकने अप्पर मारला की क्षणभर रस्ता दिसेनासा होतो, तसाच हा प्रकार, पण शेकडो मीटरवरून. बहुतेक डॅझलर हिरव्या उजेडाचे असतात, कारण माणसाच्या डोळ्याला हिरवा उजेड सगळ्यात जास्त जाणवतो. रचनेने बघितले तर ही जास्त ताकदीची लेझर बॅटरीच असते, बंदुकीवर बसवलेली किंवा हातात धरलेली.

दिपवण्याच्या पुढे जाऊन कायमचे आंधळे करणारी शस्त्रेही तयार होऊ लागली होती. १९९५ मध्ये चीनने झेडएम-८७ नावाचे असे यंत्र शस्त्रांच्या प्रदर्शनात विक्रीला मांडले होते. अमेरिकेतही लेझर शस्त्रांवर काम चालू होते. त्याआधीच, १९८६ मध्ये, स्वीडन आणि स्वित्झर्लंड या देशांनी रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हा विषय काढला होता. पुढे रेडक्रॉसने डोळ्यांचे डॉक्टर, मानसोपचार जाणणारे आणि कायदेतज्ज्ञ एकत्र बसवून त्याचा विचार केला. गोळीची जखम भरते किंवा माणूस मरतो. एका झटक्यात आंधळा झालेला तरणाबांड सैनिक मात्र पुढची चाळीस-पन्नास वर्षे दुसऱ्याचा हात धरून जगतो, आणि तो हात बहुतेक वेळा त्याच्या आईचा नाहीतर बायकोचा असतो.

१३ ऑक्टोबर १९९५ रोजी व्हिएन्ना इथे करार झाला. माणसाच्या उघड्या डोळ्याला कायमचे आंधळे करण्यासाठी मुद्दाम बनवलेले लेझर शस्त्र वापरायचे नाही आणि दुसऱ्याला द्यायचेही नाही, असे त्यात ठरले. ३० जुलै १९९८ पासून तो लागू झाला. भारताने १९९९ मध्ये त्याला मान्यता दिली. १८६८ मध्ये फुटणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली होती. त्यानंतर एखादे शस्त्र रणांगणात सर्रास येण्याआधीच थांबवण्याची ही पहिलीच वेळ होती. माणसे एकत्र बसली तर एवढे करू शकतात, याचे आम्हाला आजही समाधान वाटते.

पण करारातले शब्द नीट वाचले पाहिजेत. बंदी आहे ती 'कायमचे' आंधळे करण्यासाठी 'मुद्दाम बनवलेल्या' शस्त्रावर. तात्पुरते दिपवणारा डॅझलर त्यात येत नाही. दुसऱ्या लष्करी कामासाठी वापरलेल्या लेझरने चुकून कोणाचा डोळा गेला, तर तोही बंदीत मोडत नाही. कायमचा अंधपणा टाळण्यासाठी शक्य ती सगळी खबरदारी घ्या, एवढेच करार अशा वेळी सांगतो.

त्या खबरदारीचे काय होते ते इराकमध्ये दिसले. तिथे अमेरिकन सैनिक रस्त्यावरच्या नाक्यांवर गाड्या अडवत. थांबायची खूण न कळलेल्या गाड्यांवर गोळ्या झाडल्या जात, त्यात घरची घरे मारली गेली. यावर उपाय म्हणून २००६ मध्ये बंदुकांवर हिरवे लेझर बसवण्यात आले. आधी उजेड मारून गाडी थांबवायची, गोळी शेवटी, असा विचार होता.

या विचाराला आम्ही वाईट म्हणणार नाही. आम्ही अपघात विभागात काम केले आहे, गोळी लागलेला माणूस आम्ही बघितला आहे. गोळी आणि उजेड यातून एक निवडायचे झाले तर आम्हीही उजेडच निवडू.

पण पुढे काय झाले? अमेरिकन सैन्याच्याच नोंदी सांगतात की २००८ च्या अखेरीपासून एकाच तुकडीत या हिरव्या लेझरचे अनेक अपघात झाले. तिघांना उपचारासाठी इराकबाहेर हलवावे लागले. एका सैनिकाचा एक डोळा कायमचा गेला. हा उजेड शत्रूने मारलेला नव्हता, तो त्यांच्याच बाजूचा होता. शिकलेले, कवायत केलेले, वरिष्ठांच्या देखरेखीखाली असलेले हे सैनिक होते. सैनिकांची निदान नोंद झाली. नाक्यावर गाडी चालवणाऱ्या इराकी माणसाचा पडदा तपासायला कोण बसले होते?

हे अपघात होण्याचे कारण अंतरात आहे. तीनशे मीटरवरच्या ड्रायव्हरचे डोळे दिपवायला जेवढी ताकद लागते, तीच ताकद दहा मीटरवरच्या माणसाचा पडदा जाळू शकते. प्रत्येक ताकदीच्या लेझरला एक धोक्याचे अंतर असते, त्याच्या आत डोळा आला की इजा होते. अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत, धावपळीत ते अंतर कोण मोजणार? म्हणून पुढे काही यंत्रांत अशी सोय केली की माणूस फार जवळ आला तर लेझर आपोआप बंद पडतो. म्हणजे नुसत्या शिकवण्याने भागत नाही, हे सैन्यालाही मान्य करावे लागले.

समुद्रावरही हेच चालले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये चीनच्या युद्धनौकेने आपल्या टेहळणी विमानावर लेझर मारला, अशी तक्रार ऑस्ट्रेलियाने केली. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण चीन समुद्रात चिनी तटरक्षक जहाजाने फिलिपिन्सच्या तटरक्षक जहाजावर हिरवा लेझर मारला. खलाशांना काही वेळ दिसेनासे झाले, असे फिलिपिन्सने सांगितले. चीनचे म्हणणे होते की ती वेग मोजायची हातातली लेझर आणि हिरवा पॉइंटर होता, त्याने कोणाला इजा झालेली नाही. हा खुलासा पुन्हा एकदा वाचा. साधा पॉइंटर म्हटले की विषय संपतो. हात वर करायची ही सोय या उजेडात पहिल्यापासून आहे. गोळी मागे राहते आणि पुरावा देते. उजेड बटण सोडताच नाहीसा होतो.

हे सगळे परदेशात चालले आहे असे समजू नका. आपल्या डीआरडीओने डॅझलरचे तंत्र तयार केले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय नौदलाने भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनीशी पहिल्या २० डॅझलरचा करार केला आणि ते बनवण्याचे काम कंपनीच्या पुण्याच्या कारखान्याकडे आले. संशयास्पद बोटी, गाड्या, ड्रोन यांना गोळी न झाडता थांबवणे हा त्याचा हेतू सांगितला आहे. हेतूबद्दल आमची तक्रार नाही. आपल्या वस्तीतली पोरे सैन्यात आहेत, नौदलात आहेत, पोलिसात आणि सिक्युरिटीत आहेत. त्यांच्या जिवाची काळजी आम्हालाही आहे. पण यंत्र हातात धरणारा आपलाच मुलगा असेल, तर धोका त्याच्या आणि त्याच्या जोडीदाराच्या डोळ्यालाही आहे. इराकमधला तो सैनिक आपण आत्ताच बघितला.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. जिथे जिथे हे यंत्र वापरले जाते तिथे जवळच्या अंतरावर आपोआप बंद होण्याची सोय सक्तीची हवी. वापरणाऱ्या जवानाच्या पडद्याची तपासणी नोकरी सुरू होताना आणि नंतर ठरावीक काळाने व्हावी. समोरच्या माणसावर उजेड मारला तर त्याचीही तपासणी आणि नोंद व्हावी. आणि गर्दीवर, मोर्चावर हे यंत्र कधीही वापरू नये. गर्दीत कोणी दोनशे मीटरवर असतो, कोणी दहावर. कडेवर लेकरू असते, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेली आजी असते. सगळ्यांना सारखे सुरक्षित असे अंतर गर्दीत असूच शकत नाही. व्हिएन्नाचा करार लढाईचा विचार करून लिहिला आहे, चौकातल्या बंदोबस्ताचा नाही. ही उणीव भरून काढण्याची मागणी आपणच केली पाहिजे, कारण मोर्चात चालणारे आपण आहोत.

आता पुन्हा जत्रेतल्या बॅटरीकडे येऊ. सैन्याकडे निदान नियम आहेत, नोंदी आहेत, आणि इतके असून डोळे गेले. बाजारातल्या बॅटरीला अंतर कळत नाही, तिच्यात आपोआप बंद होणारे काही नाही आणि ती पोराच्या हातात असते. तिच्यावरच्या चिठ्ठीचाही भरवसा नाही. अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेने २०१३ मध्ये १२२ लेझर पॉइंटर तपासल्याचे जाहीर केले. त्यातले हिरवे सुमारे ९० टक्के आणि लाल सुमारे ४४ टक्के सुरक्षेच्या नियमात बसत नव्हते. चिठ्ठीवर ५ लिहिलेले असते आणि आत त्याच्या दहा-बारा पटही निघते. स्वस्त हिरव्या लेझरमधून डोळ्याला न दिसणारे किरणही बाहेर पडतात. ते दिसत नाहीत म्हणून पापणीही मिटत नाही.

आमच्या शिबिरातला पोरगा एकटा नाही. ग्रीसमधल्या नऊ वर्षांच्या मुलाला वडिलांनी रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून हिरवा पॉइंटर घेऊन दिला. त्याने तो उजेड पुन्हा पुन्हा डोळ्यात घेतला आणि डाव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध छिद्र पडले. स्वित्झर्लंडमधल्या पंधरा वर्षांच्या मुलाने १५० मिलिवॅटचा लेझर मागवला आणि आरशासमोर खेळताना दोन्ही डोळ्यांना इजा करून घेतली. आरशातून परत आलेला लेझरही तितकाच भाजतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

मिरवणुकीतल्या लेझरचाही विचार करा. कोल्हापूर, नाशिककडे विसर्जन मिरवणुकीनंतर तरुणांच्या पडद्याला इजा झाल्याचे डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. पुणे पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात लेझरवर बंदी घातली. हे त्यांच्याकडचे आहे, आपल्याला काय, असे म्हणून चालणार नाही. एप्रिलमध्ये आपल्याही मिरवणुकीत डीजेच्या गाडीवर तोच लेझर असतो आणि तो थेट नाचणाऱ्या पोरांच्या तोंडावर फिरत असतो. बाबासाहेबांनी रात्र रात्र जागून पुस्तके वाचली. त्यांच्या जयंतीला आपल्याच लेकरांचे वाचायचे डोळे आपण धोक्यात घालतो, हे आम्हाला बघवत नाही. मंडळाच्या पोरांनी गाडी ठरवतानाच सांगावे की लेझर नको, दुसरी रोषणाई करा. तोंडी नको, पावतीवर लिहून घ्या.

घरी काय करायचे तेही लक्षात ठेवा. मुलांना लेझर बॅटरी घेऊन देऊ नका. घरात असेल तर सेल काढून बाजूला ठेवा. कोणाच्याही तोंडावर, गाडीवर, विमानावर उजेड मारू देऊ नका. कोणी तुमच्यावर मारला तर मान वळवा, डोळे मिटा, त्या उजेडाकडे परत बघू नका. डोळा चोळू नका. मेडिकलमधून मनाने थेंब आणून घालू नका, पडद्याच्या जखमेपर्यंत ते पोहोचत नाहीत.

मग एक सोपी तपासणी करा. एक डोळा तळहाताने झाका आणि दुसऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरची चौकट किंवा फरशीच्या रेघा बघा. नंतर दुसरा डोळा झाका. रेघ वाकडी दिसली, मधेच डाग दिसला, एखादा चौकोन गायब वाटला, तर त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. "पडदा तपासा, लेझर लागला आहे," असे स्पष्ट सांगा. नुसता नंबर काढून घरी येऊ नका. जवळच्या दवाखान्यात सोय नसेल तर जिल्हा रुग्णालयाची किंवा मेडिकल कॉलेजची चिठ्ठी मागा. लहान मुले स्वतःहून सांगत नाहीत. दोन डोळ्यांनी बघताना एका डोळ्याचा डाग दुसरा डोळा झाकून टाकतो, म्हणून मुलांची एक एक डोळा झाकून तपासणी वर्षातून एकदा तरी घरीच करा.

त्या माउलीला आम्ही हेच सगळे सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे मिलिटरीवाली म्हणून विकली, ती खरंच मिलिटरीवाली निघाली." पोरगा आता वर्गात पहिल्या बाकावर बसतो आणि उजव्या डोळ्यावर अभ्यास करतो. डाव्या डोळ्यातला डाग थोडा फिका झाला आहे, पण गेलेला नाही. वस्तीतल्या तीन घरांनी त्यानंतर आपल्या पोरांच्या बॅटऱ्या आणून आमच्या हातात दिल्या. आता येत्या रविवारी विहारात मुले जमतील, तेव्हा कॅलेंडर भिंतीला लावून सगळ्यांची तपासणी करायची आहे. तुमच्या वस्तीतही करा, त्याला खर्च काहीच येत नाही.